पंडिता रमाबाईंचे वेळापत्रक

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत सोडून पुढे आली की थोड्याच वेळात केडगाव येते. बँकेच्या नोकरीत असताना काही काळ मी या मार्गाने नियमित ये-जा केली. पीककर्जे, विहिरींची कर्जे, दुभत्या म्हशींचे प्रस्ताव असले कागद मांडीवर घेऊन मी खिडकीपाशी बसलेला असे. केडगाव आले की डब्यातले कोणीतरी हमखास बोट दाखवून नव्या माणसाला सांगे, की ते तिकडे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. त्यानंतरचे वाक्यही ठरलेले असे. सांगणारा जुन्या वळणाचा असला तर त्या बाईंनी धर्म सोडला एवढे सांगून तो थांबे. सुधारक वळणाचा असला तर आपल्याच लोकांनी त्यांना किती छळले ते तो सांगे. दोन्ही वाक्ये शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतून चालत आलेली होती.

मला कुतूहल होते ते निराळेच. त्या शाळेत नक्की शिकवीत काय असत? कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी? कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही तीन गोष्टी आधी पाहत असू. पैसा कोणत्या कामासाठी हवा, ते काम करणार कोण आणि परतफेड कुठून होणार. रमाबाईंबद्दल जे हाती लागले ते मी पुढे याच सवयीने वाचत गेलो. तेव्हा धर्मांतराच्या धुरळ्याआड झाकलेली एक बाई दिसू लागली. शाळा म्हणजे काय याचा एवढा मुळापासून विचार करणारी माणसे त्या काळी आपल्याकडे फार नव्हती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानातला. आज तो भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचे हा त्यांचा हट्ट. त्यावरून धर्मसभेपुढे उभे राहण्याची वेळ आली. तिथे त्यांनी शास्त्राच्याच आधारे आपली बाजू मांडली आणि पटवून दिली. पण मन शांत ठेवून शिकवता यावे म्हणून त्यांनी बिऱ्हाड रानात नेले. पुढे घर मोडले आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थातीर्थांतून हिंडू लागले. अनंतशास्त्री थकले होते, म्हणून धाकट्या मुलीला शिकवण्याचे काम आई लक्ष्मीबाईंनी घेतले. दिवसभर घरकाम, म्हणून पाठ पहाटेचा. आईने श्लोक म्हणायचा, मुलीने मागून म्हणायचा, पाठ होईपर्यंत म्हणायचा. पाटी नाही, फळा नाही, शाळा तर नाहीच. बाराव्या वर्षापर्यंत या मुलीला सुमारे १८,००० श्लोक मुखोद्गत होते.

हे वाचून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. रमाबाई मात्र तिथे थांबल्या नाहीत, कारण या विद्येची दुसरी बाजू त्यांनी अंगावर सोसली होती. १८७०नंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होते नव्हते ते संपले. पुराणिकाच्या घरात भीक मागणे कमीपणाचे, मोलमजुरी त्याहून कमीपणाची, आणि पोट भरेल असे एकही काम कोणाला येत नव्हते. १८७४ साली आधी वडील, मागोमाग आई आणि मग थोरली बहीण गेली. मागे राहिली सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. पाचजणांना मिळून हजारो श्लोक येत होते आणि शेर दोन शेर धान्य मिळवण्याची कला एकालाही येत नव्हती. रमाबाईंनी पुढे शाळेत सुतारकामापासून तेलघाण्यापर्यंत जे जे आणले, त्याचे मूळ मला या एका वर्षात दिसते.

भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८०मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१मध्ये मनोरमा झाली आणि १८८२च्या आरंभी पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. ही साक्ष म्हणजे त्यांच्या पुढच्या सगळ्या शाळांचा पहिला आराखडा आहे. मुलींना शिकवायला बायका हव्यात, त्या नीट तयार केलेल्या हव्यात, त्यांना मानाचा पगार हवा, आणि तपासणीलाही बायकाच हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तक कोणते लावावे यावर खल करण्याआधी शिकवणारी कोण याचा विचार करणारी ही दृष्टी. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रस्तावातला दुसरा रकाना त्यांनी आधी भरला.

तोपर्यंत आपल्याकडे मिशनच्या मुलींच्या शाळांना साठेक वर्षे होत आली होती. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. त्या मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या शाळेवरून जोतीराव फुल्यांनी धडा घेतला आणि सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. या शाळांचा साचा ठरलेला होता: वाचन, लेखन, हिशेब, थोडा भूगोल, शिवण आणि शास्त्रपाठ, म्हणजे बायबल. दुसरीकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी आणि पावकी-निमकीचा घोष. दोन्हीकडे मुलाने शिकायचे ते मुख्यतः कानाने आणि तोंडाने. फरक एवढाच, की एकीकडे पाठ करायचे पुस्तक निराळे होते.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. ते झाले नाही आणि न होण्याचे कारण महत्त्वाचे आहे. त्यांचे कान गेले होते. ऐकू कमी येते म्हणून वैद्यकीचा रस्ता बंद झाला. सगळी विद्या कानावाटे घेतलेल्या बाईचा कानच दगा देत होता! मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील या नामांकित मुख्याध्यापिकेच्या हाताखाली त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि गणित, निसर्गविज्ञान, इंग्रजी शिकू लागल्या. पंचविशी ओलांडल्यावर प्रथमच त्यांनी वर्ग, फळा, वेळापत्रक हे आतून पाहिले.

याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी वाँटेज इथे मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात हलकल्लोळ झाला. पण तिकडच्या धर्मगुरूंनाही ही शिष्या सोपी गेली नाही. कोणत्या पंथाची शिकवण मानावी, मुलीला धर्माचे काय आणि केव्हा शिकवावे, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर त्या मोठमोठ्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. मी ख्रिस्ताला मानते, पण माझी सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपाच्या हवाली केलेली नाही, असा त्यांच्या पत्रांचा एकूण रोख होता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. दहा वर्षांनी हाच प्रश्न उलट दिशेने त्यांच्याच दारात येऊन उभा राहणार होता.

१८८६च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेला गेल्या. दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होत होत्या, त्या समारंभासाठी. राहायचे होते थोडे दिवस, राहिल्या जवळजवळ पावणेतीन वर्षे. कारण फिलाडेल्फियात त्यांना बालकमंदिर सापडले, आपण ज्याला किंडरगार्टन म्हणतो ते.

फ्रीड्रिश फ्रोबेल हा जर्मन पाद्र्याचा मुलगा. तान्हेपणीच आई गेलेला. १८३७मध्ये त्याने लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४०मध्ये तिला मुलांची बाग हे नाव दिले. त्याचा क्रम असा. आधी मुलाच्या हातात रंगीत लोकरीचे सहा मऊ चेंडू. मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. मग आठ तुकड्यांत सुटणारा घन, की ज्यातून मूल मोडणे, जोडणे, मोजणे, अर्धा, पाव हे सगळे बोटांनी शिकते. त्याच्या जोडीला घडीकाम, विणकाम, मातीकाम, गाणी आणि प्रत्येकाला बागेतला एक वाफा. फ्रोबेल श्रद्धाळू होता. देव, निसर्ग आणि माणूस यांचे एकत्व मुलाला शब्दांनी सांगण्याआधी हातांनी कळावे, असा त्याचा विश्वास. तरी १८५१मध्ये प्रशिया सरकारने या शाळा धर्मविरोधी ठरवून बंद केल्या. अक्षर पुष्कळ पुढे येते, पाठांतर त्याहून पुढे.

रमाबाईंनी फिलाडेल्फियात या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. शिवाय मराठी मुलींसाठी चित्रांची वाचनपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. संस्कृतचे डोंगर पाठ असलेली, दोन पदव्या मिरवू शकणारी पंडिता अठ्ठाविसाव्या वर्षी लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे घेऊन बसली आहे, हे चित्र मला त्यांच्या कुठल्याही सभेतल्या विजयापेक्षा मोठे वाटते. आपल्याला ज्या रीतीने विद्या आली तीच रीत उत्तम, असे सगळ्याच शिक्षकांना वाटते. त्यांना तसे वाटले नाही.

१८८७मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचे शेवटचे प्रकरण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हा तर प्रस्तावच आहे असे वाटून हसू आले. कशासाठी? विधवांना जात न गमावता राहता यावे, शिकता यावे यासाठी. काय शिकवणार? शिक्षिका, परिचारिका, घरव्यवस्था पाहणाऱ्या बायका आणि हातकाम करणाऱ्या बायका घडतील असे. जोडीला उत्तम ग्रंथालय आणि मातृभाषेतली व्याख्याने. परतफेड? शिकलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहील आणि दुसरीला शिकवील. बॉस्टनमध्ये त्या वर्षाच्या अखेरीस रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे खर्च देण्याचे वचन मिळाले. अट एक: शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. विद्यार्थिनी दोन. त्यातली एक गोदूबाई, बालविधवा, वयाने चोविशीची. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. सोवळ्याओवळ्याचे नियम पाळता यावेत अशी स्वयंपाकाची व्यवस्था होती. ज्यांना देवपूजा करायची त्यांना मोकळीक होती. शिकवायचे ते मराठी, हिशेब, संस्कृत, इंग्रजी. लहानांना खेळसाधने आणि मोठ्यांना ती वापरून शिकवण्याची रीत. थोरलीने शिकावे आणि धाकटीला शिकवावे. विकेशा, कोपऱ्यात बसलेल्या मुली इथे केस वाढवीत, बागेत हिंडत, हसत. गोदूबाईंसारख्या प्रौढ वयाच्या बाईला मुळाक्षरांपासून बसवायचे म्हणजे वर्ग वयावर ठरत नसे, जिचे जिथे अडले असेल तिथून ठरे. याच गोदूबाईंचा १८९३ साली, योगायोगाने ११ मार्चलाच, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

त्याच १८९३मध्ये वादळ झाले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. मुलींना ख्रिस्ती केले जात आहे अशी ओरड झाली, केसरीने आघाडी उघडली, वीसेक मुलींना पालकांनी काढून नेले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला. पुढच्या वर्षांत सदनातल्या काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला.

या प्रकरणाकडे मी अनेक वेळा वळून पाहिले आहे. रानडे, भांडारकर हे काही रमाबाईंचे वैरी नव्हते. आपल्या शब्दावर भरवसा ठेवून लोकांनी मुली पाठवल्या, तो शब्द खाली पडतो आहे, हे त्यांना दिसत होते. करार पाहिला तर त्यांची बाजू भक्कम आहे. उलट रमाबाईंची अडचणही खरी आहे. आईने आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करताना दार लावून घ्यायचे? येणाऱ्या मुलीला हाकलायचे? ज्या सदसद्विवेकबुद्धीसाठी आपण बिशपांशी भांडलो ती या मुलींना नाकारायची? पण शाळेचा अभ्यासक्रम वेळापत्रकात लिहिलेला असतो तेवढाच कधीच नसतो. ज्या बाईने मुलीला अन्न, केस, अक्षर आणि हसू परत दिले, तिचे पहाटेचे उघडे दार हा त्या शाळेतला सर्वांत प्रभावी तास होता, आणि तो वेळापत्रकात नव्हता. रमाबाईंसारख्या बुद्धिमान बाईला हे कळत नव्हते असे मला वाटत नाही. दहा वर्षांच्या वचनाची आणि मनातल्या ओढीची ही ओढाताण त्यांनी काही वर्षे सोसली.

त्या सुटल्या त्या दुष्काळाने. अमेरिकेतून येणारे पैसे दहा वर्षांनी थांबणार, म्हणून त्यांनी आधीच केडगावला जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली होती. शाळेचा खर्च झाडांनी काढावा हा हिशेब. माझ्यातला बँकवाला इथे मनापासून नमस्कार करतो. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८७४ची ती सोळा वर्षांची मुलगी आता एकोणचाळिशीला आली होती. तिला घरी बसवेना. रमाबाई स्वतः गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून या मुली केडगावच्या माळावर, तंबू आणि झोपड्यांत उतरल्या. तिथून मुक्ती सदन उभे राहिले. १८९८मध्ये असोसिएशनची मुदत संपली, अमेरिकेत नवी संस्था झाली आणि मुक्तीचे काम ख्रिस्ती म्हणून उघडपणे चालू लागले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या सुमारे २,००० झाली.

आता या मुलींना काय शिकवणार? शारदा सदनाचा पाठ इथे चालण्यासारखा नव्हता. आलेल्या कित्येक मुली हाडांचे सापळे होत्या, आजारी होत्या, काही आल्या तशाच गेल्या. हिंदी बोलणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या, घर न राहिलेल्या, माणसाला भिणाऱ्या. रमाबाईंचा अभ्यासक्रम इथे उलटा वाचावा लागतो. आधी जेवण आणि अंघोळ. मग ताट घासणे, कपडे धुणे, आपली जागा झाडणे. मग थोरलीच्या हाती धाकटी सोपवणे. शारदा सदनातून तयार झालेल्या मुली इथे शिक्षिका आणि मातांच्या जागी उभ्या राहिल्या. १८८२च्या साक्षीतला तो दुसरा रकाना असा भरून निघाला. मग लहानांसाठी बालवर्ग. जिची भाषा शिक्षिकेला येत नाही, तिच्याही हातात रंगीत चेंडू देता येतो, तिच्यापुढे बी पेरता येते. कानाने शिकण्याचा रस्ता जिथे बंद होता तिथे डोळ्यांचा आणि बोटांचा रस्ता उघडा होता. फिलाडेल्फियातल्या ठोकळ्यांचे चीज केडगावच्या माळावर झाले.

थोड्या मोठ्या झालेल्या मुलींचा दिवस अर्धा पुस्तकाचा आणि अर्धा कामाचा. शेत, बाग, गोठा, तेलघाणा, भट्टी, धुलाई, शिवण, विणकाम आणि पुढे छापखाना. मुलींनी खिळे जुळवावेत, छापावे, बांधणी करावी. यातले प्रत्येक काम संस्थेची गरज भागवी आणि मुलीच्या हाती एक धंदाही देई. मनोरमेने अमेरिकेत शिकत असताना ब्रेल लिपी शिकून घेतली आणि इकडे येऊन आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. बहिऱ्या होत चाललेल्या आईच्या शाळेत लेकीने आंधळ्यांचा वर्ग काढावा, यापुढे कादंबरीकाराने आणखी काय कल्पना करावी!

आणि शास्त्रपाठ? तो आता वेळापत्रकात होता, उघडपणे. प्रार्थना, बायबलचे उतारे, भजने यांनी दिवस सुरू होई आणि संपे. १९०५मध्ये तर इथे भावनेचा असा मोठा लोट उसळला, की मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत राहिल्या. सहानुभूती असणाऱ्यांपैकीही काहींना ते पाहून अस्वस्थ वाटले. मलाही वाचताना वाटते. १८९३मध्ये निदान पालक होते, ते मुलीला काढून नेऊ शकत होते. माळावरच्या अनाथ पोरीच्या वतीने हो किंवा नको म्हणणारे कोणी नव्हते. भाकरी देणाऱ्या हातानेच धर्मही दिला. हे नोंदवल्याशिवाय या चरित्राचा हिशेब जुळत नाही. पण त्याच वहीत दुसऱ्या बाजूला हेही लिहिले पाहिजे, की त्या भाकरीची दुसरी सोय आपण केली नव्हती. आणि शहाण्या माणसांनी या भांडणातून धडाही घेतला. आनंदीबाईंच्या यजमानांनी, अण्णासाहेब कर्व्यांनी, १८९६मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. लोकांना घरचा वाटेल अशा वातावरणात तेच शिक्षण पुढे नेले आणि १९१६मध्ये त्यातून महिला विद्यापीठ उभे केले. रमाबाईंच्या फळ्यावरचा धडा त्यांच्या विरोधकांच्या घरांतही असा पोचला.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी एका भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबलचे मराठी पंडिती नको, शेतावर काम करणाऱ्या अडाणी बाईला कळेल असे हवे, हा त्यांचा ध्यास. खिळे जुळवायला त्यांनीच शिकवलेल्या मुली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतराचे काम तोवर पुरे होत आले होते. ग्रंथ छापून निघाला तो १९२४मध्ये. धर्माची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी यात एक वर्तुळ पुरे झालेले दिसते. अनंतशास्त्र्यांच्या घरात विद्या संस्कृतात होती आणि ती बाईला द्यावी की नाही यावर सभा भरली होती. त्यांच्या मुलीने संस्कृतचे अलंकार मुद्दाम उतरवून ठेवले, आणि सभा न भरवता शेतावरच्या बाईच्या हातात पुस्तक दिले.

एकदा केडगावला मी उतरलो. काम बँकेचेच होते, ते लवकर आटोपले. मिशनच्या आवारात गेलो तेव्हा शाळा सुटायची वेळ होती. मोठी झाडे, दगडी चर्च, आणि व्हरांड्यात मुलींची रांग. एक लहान मुलगी रांग सोडून आपल्या वाफ्यापाशी बसली होती आणि मेथी किती उगवली ते बोटांनी मोजत होती. तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असलेली दुसरी मुलगी तिच्यामागे उभी राहून मोजणी बरोबर चालली आहे ना ते पाहत होती. मधेच लहानगी चुकली. मोठीने तिला आकडा सांगितला नाही. तिचे बोट धरून पुन्हा पहिल्या रोपावर ठेवले.

परतीच्या गाडीत बसलो. यवतच्या अलीकडे समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारले, मिशनमध्ये कशाला गेला होतात. शाळा पाहायला, एवढेच मी सांगितले. पुढचे वाक्य काय येणार ते ठाऊक होते. ते आले. या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. दुष्काळ, लोकरीचे चेंडू, उघडे दार आणि तो मेथीचा वाफा, सगळे सांगत बसलो. पुणे कधी आले ते आम्हा दोघांनाही कळले नाही.